खेळातली भेसळ

सकाळी साडेनऊला बेल वाजते, दारात आजूबाजूची चार पोरं उभी असतात, आणि शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलाच्या घरी सुट्टी लागते. एरवी अशा घरात सुट्टी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे कॅलेंडर बघूनही सांगता येत नाही. मुलाचा दिवस वर्षभर स्वतःच्या चालीने चाललेला असतो. बदलतं ते बाहेरचं जग. एरवी संध्याकाळी जेमतेम तासभर मिळणारे सवंगडी दिवसभर मोकळे होतात. ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, संग्रहालय ही आठवड्याच्या मधल्या वारी रिकामी मिळणारी ठिकाणं गजबजून जातात. तेव्हा बाहेर जायची कामं शाळा चालू असताना उरकावीत आणि सुट्टी घर, अंगण, गच्ची यांच्यासाठी राखून ठेवावी, हे शहाणपणाचं. या दिवसांत सगळ्यात दुर्मीळ गोष्ट आपल्या पायांनी घरी येते: वेगवेगळ्या वयाची आणि हाताशी वेळ असलेली मुलं.

नेमक्या याच वेळी पालकांना दोन मोह होतात. बाकीची मुलं लोळताहेत तोवर आपण मागे पडलेलं उरकून घेऊ, हा पहिला. तो तसा भाबडा आहे, दोन दिवसांत मूलच तो हाणून पाडतं. दुसरा अधिक अवघड, कारण तो खेळाचा वेश घालून येतो. मुलं दुकान-दुकान खेळत असतात. मोठं माणूस कौतुकाने जवळ बसतं आणि विचारतं, "मग तीन वस्तूंचे मिळून किती झाले?" मुलं उत्तर देतात, बरोबर देतात, आणि पाच मिनिटांत दुकानाला टाळं लागतं. मोठं माणूस उठताना खूश असतं. खेळता खेळता बेरीज झाली ना!

झाली ती परीक्षा. दुकान हे निमित्त होतं, हे मुलांच्या क्षणात लक्षात आलं.

मुलांच्या खेळाच्या जागांवर काम करणाऱ्या मंडळींना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. गॉर्डन स्टुरॉक आणि पेरी एल्स या ब्रिटनमधल्या दोघांनी १९९८ साली खेळाचं एक चक्र मांडलं. मूल आधी इशारा करतं, मग समोरून प्रतिसाद येतो, त्यातून खेळाची चौकट उभी राहते, आणि पुरेसं खेळून झालं की ती आपोआप विरते. मोठ्यांनी या चौकटीत शिरून आपला हेतू रेटला तर त्याला त्यांनी जो शब्द वापरला, त्याचा सरळ मराठी अर्थ 'भेसळ'. याहून चपखल शब्द मला माहीत नाही. भेसळीचा मालही दिसायला अस्सलासारखाच असतो.

इशारा ओळखायला मात्र शिकावं लागतं. तो फार छोटा असतो. चेंडू तुमच्या पायाशी घरंगळत येतो. मूल सोफ्यावर उभं राहून नुसतं म्हणतं, "खाली मगर आहे हां." त्यावर "बापरे, मी पाय कुठे ठेवू?" असं म्हणणं हा प्रतिसाद. "मगर सरपटणारी की उभयचर?" ही भेसळ. आणि मगरीच्या खेळाला अर्धा तास होऊन गेल्यावरही मोठं माणूसच दात विचकत मागे लागलेलं असेल, तर तीही भेसळच, जरा हसरी. आत जावं, दोन वाक्यं बोलावी, बाहेर यावं. बाहेर पडायचं साधं निमित्त म्हणजे मरून पडणं. मगरीने खाल्लं, संपलं, आता मी उठून कपड्यांच्या घड्या घालतो.

मग मोठ्यांनी करायचं तरी काय? सामान, जागा आणि वेळ यांची सोय. ही सोय म्हणजे किरकोळ काम नव्हे; बहुतेक सुट्ट्या इथेच फसतात.

सामानाबद्दल आधी. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी डेन्मार्क व्यापलेला असताना, १९४३ साली कोपनहेगनजवळच्या एम्द्रुप इथे एक विचित्र क्रीडांगण सुरू झालं. घसरगुंडी नाही, झोके नाहीत. फळ्या, विटा, दोर, भंगार आणि अवजारं. त्यामागची कल्पना कार्ल थेओडोर सोरेन्सन या उद्यान-रचनाकाराची. आपण आखलेल्या देखण्या क्रीडांगणांपेक्षा मुलं बांधकामाच्या आणि भंगाराच्या जागी जास्त रमतात, हे त्याने पाहिलं होतं. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन या ब्रिटिश चित्रकाराने हीच गोष्ट सूत्रात बसवली: एखाद्या जागी हलवता, जोडता, मोडता येतील असे सुटे भाग जितके जास्त आणि जितके तऱ्हेतऱ्हेचे, तितकी तिथे कल्पकतेला वाट. घरच्या सुट्टीसाठी यातून घ्यायचं ते इतकंच, की ज्या वस्तूचा एकच उपयोग ठरलेला आहे ती सुट्टीत फार टिकत नाही. 'शैक्षणिक खेळणी' म्हणून विकली जाणारी बहुतेक खेळणी याच जातीची. कोडं सुटलं की खोका माळ्यावर.

चार-पाच मुलांसाठी पुरेल असा साठा साधारण असा: माणूस आत बसू शकेल एवढे ६ ते ८ पुठ्ठ्याचे खोके, वेगवेगळ्या लांबीच्या २० पुठ्ठ्याच्या नळ्या, ४ जुन्या चादरी, कपड्यांचे २५-३० चिमटे, कागदी चिकटपट्टीचे ३ रोल, २-२ मीटरचे दोरीचे ५ तुकडे, बादलीभर झाकणं आणि बुचं, आणि लाकडी ठोकळे. दोरी याहून लांब ठेवू नये आणि ती गळ्यात अडकवायची नाही, एवढा एकच नियम पहिल्या दिवशी स्पष्ट सांगावा. चादरींना चिमटे हवेतच; चिमटे नसले की मुलं चादर पुस्तकांच्या चळतीने दाबतात, आणि मग एक दिवस चळत धाकट्याच्या डोक्यावर येते.

ठोकळ्यांसाठी एक वाक्य पुरणार नाही. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली, १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्याच्या साहित्यातला एक संच म्हणजे नुसता लाकडी घन, पण आठ छोट्या घनांत कापलेला. मोडा, जोडा, पुन्हा तोच घन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने ठोकळे मोठे केले आणि त्यांचं माप जाडी-रुंदी-लांबी १:२:४ असं बांधून टाकलं. या प्रमाणाची करामत हातात घेतल्यावर कळते. दोन ठोकळे शेजारी ठेवले की चौरस होतो. लांबीच्या दुपटीचा ठोकळा कमी पडला तर दोन साधे लावून भागतं, अर्धा नसला तर भिंतीत नेमकं अर्ध्याचं भोक राहतं. पूल बांधताना एका बाजूचा खांब बुटका झाला, तर मूल 'अर्धा हवाय, अर्धा' असं ओरडत खोका उपसतं. अपूर्णांक तिथे असतो, कोणी नाव न घेता. म्हणून ठोकळे घ्यायचे तर एकाच प्रमाणातले, साधे, बिनरंगी, आणि भरपूर. १०० पेक्षा कमी असले की भांडणं बांधकामापेक्षा जास्त होतात. पाच तऱ्हेच्या रंगीत संचांची सरमिसळ मात्र काही कामाची नाही, कारण काहीच कशात बसत नाही.

सगळं एकदम बाहेर काढू नये हेही खरं. आठ-दहा प्रकार डोळ्यांसमोर, बाकीचे बंद खोक्यात, आणि आठवड्याने अदलाबदल. ढिगात मुलं शोधत बसतात. फळीवर मांडलेलं दिसतं आणि सुचतं.

आता एक खेळ जरा जवळून पाहू, कारण चुकतं ते बारीकसारीक गोष्टींतच. गोटीची घसरण. लांब नळ्या उभ्या चिरल्या की प्रत्येकीच्या दोन पन्हळी होतात. त्या कपाटाच्या बाजूला किंवा मोठ्या उभ्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने लावत खालपर्यंत आणायच्या. रंगवलेल्या भिंतीवर करायचं तर आधी कोपऱ्यात एक पट्टी दिवसभर लावून ठेवून पाहावी. रंगाचा पापुद्रा सोलून निघाला तर त्या भिंतीचा नाद सोडावा. गोट्या नेहमीच्या १५-१६ मिलिमीटरच्या. घरात ३ वर्षांखालचं मूल असेल तर गोट्या नकोतच. साडेचार सेंटीमीटरपेक्षा लहान गोल वस्तू त्या वयात घशात अडकू शकते, त्यामुळे मोठा चेंडू आणि रुंद पन्हळ.

पहिली चूक उताराची. मुलांना वाटतं, उतार जितका जास्त तितकं छान. ३० सेंटीमीटरच्या पन्हळीला ३ सेंटीमीटर उतार भरपूर झाला. त्याच्या दुपटीपुढे गेलं की गोटी वळणावर थांबतच नाही, सरळ हवेत जाते. दुसरी चूक सांध्याची. कौलं रचतात तशी वरची पन्हळ खालचीच्या आत दोनेक सेंटीमीटर शिरली पाहिजे. उलट झालं की गोटी खालच्या पन्हळीच्या कडेला धडकून तिथेच बसते. तिसरी चूक दिसत नाही म्हणून सर्वांत जास्त वेळ खाते: चिकटपट्टी आतल्या बाजूने लावलेली. तिची सुरकुती गोटीला अडवते. पट्टी खालून, बाहेरूनच. दिशा बदलायची असेल तिथे वरच्या पन्हळीच्या तोंडासमोर अडीच सेंटीमीटरवर पुठ्ठ्याची आडभिंत उभी करायची. गोटी आपटते, खालच्या पन्हळीत पडते, उलटी धावते. आणि बांधायला सुरुवात वरून, प्रत्येक तुकडा लावला की गोटी सोडून बघत. खालून वर गेलं तर शेवटचे दोन तुकडे कधीच जुळत नाहीत.

हे सगळं मोठ्यांना माहीत असावं, आणि सांगू नये. गोटी सांध्यावर अडली की तीन मुलांच्या तीन उपपत्त्या निघतात. एक म्हणतं गोटी जड आहे, एक म्हणतं नळी वाकडी, तिसरं म्हणतं तिला आज कंटाळा आलाय. दुसरी गोटी लावून बघतात, नळी फिरवून बघतात. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला कोणाचं तरी बोट त्या सुरकुतीवर फिरतं. त्याआधी आपण "अरे, पट्टी आत लागलीये" म्हणालो, तर गोटी धावेल आणि बाकी सगळं तिथेच थांबेल. जिभेवर ताबा ठेवणं जड जातं. हातात काहीतरी काम घेऊन बसलं की सोपं होतं, म्हणून सुट्टीत रफूचे, निवडण्याचे, कागद लावायचे सगळे ढीग जपून ठेवावेत.

वेगाचा सोस दोन-तीन दिवसांत फिटतो. खेळ मलूल झालेला दिसला, आणि दिसला तरच, एक वाक्य टाकायला हरकत नाही: "तळाला पोचायला गोटीला जास्तीत जास्त किती वेळ लावता येईल?" हे भेसळीच्या अगदी सीमेवरचं वाक्य आहे, मला मान्य. म्हणून ते टाकून उठून जावं. घेतलं तर घेतलं. घेतलं, तर तोच खेळ उलटा होतो. उतार कमी करत नेतात, पन्हळीत कापडाची पट्टी अंथरतात, गोटी मध्येच थांबते, पुन्हा चिमूटभर उतार वाढवतात. सेकंद मोजणारं घड्याळ जवळ पडलेलं असलं तर ते कोणी ना कोणी उचलतंच.

फाशांची शर्यत हा दुसरा खेळ, पावसाच्या दुपारचा. मोठ्या कागदावर १ ते १२ असे बारा उभे पट्टे आखायचे, प्रत्येकाला सहा घरं. पट्ट्याच्या तळाशी एकेक सोंगटी. प्रत्येकाने आपापला आकडा निवडायचा. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल त्या आकड्याची सोंगटी एक घर पुढे. पहिलं घर गाठणारा जिंकला म्हणू नये, सहावं ओलांडणारा. साधारण २५-३० फेकींत निकाल लागतो.

१ चा पट्टा चुकून आखलेला नाही. कोणीतरी, बहुधा सर्वांत धाकटं, तो निवडतंच, 'एक नंबर' म्हणून. त्याची सोंगटी हलत नाही. मोठी मुलं हसतात, मग एखादं मूल त्याला समजावतं की दोन फाशांत एक येणारच नाही. हे समजावणं मुलाकडून मुलाकडे जातं तेव्हा कोणालाच शिकवल्यासारखं वाटत नाही. दोनेक डावांनंतर ७ साठी मारामारी सुरू होते. कारण उघड आहे: दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ७ होतात ६ प्रकारे, ६ आणि ८ पाच प्रकारे, २ आणि १२ मात्र एकेकाच. मुलांना हा तक्ता नको असतो, त्यांना हवा असतो न्याय. "हा डाव रडीचा आहे" अशी ओरड झाली की पट्ट्यांची लांबी बदलायची मुभा द्यावी आणि कोरा कागद पुढे करावा.

इथे एक गंमत आहे, ती जाणत्यांनाही चकवते. मोठं मूल हिशोब करून सांगतं: जितक्या प्रकारांनी आकडा येतो त्याच्या दुप्पट घरं द्या. म्हणजे ७ ला १२ घरं, ६ आणि ८ ला दहा-दहा, २ आणि १२ ला दोन-दोनच. कागदावर बिनतोड. खेळायला बसलं की कडेचे २ आणि १२ च वारंवार जिंकू लागतात. ७ आणि २ या दोन्ही पट्ट्यांना सरासरी लागणाऱ्या फेकी सारख्याच, ७२. पण ७ ला बारा वेळा यावं लागतं, तेव्हा त्याचं नशीब सरासरीच्या आसपास घोटाळत राहतं. २ ला दोनच वेळा यायचं आहे, ते कधी १५० फेकींत येत नाही आणि कधी पहिल्या दहांतच येऊन जातं. शर्यत लवकर येणाऱ्याची असते. मग कडेचे पट्टे एकेक घराने लांबवा, खेळा, पुन्हा बदला. पूर्णपणे न्याय्य पट हाती लागायला हवा असं काही नाही. आठ दिवस कागदावर कागद चिकटत जातात आणि खेळ चालू राहतो. याचा तक्ता करून भिंतीवर लावू नये, ही कळकळीची विनंती.

काड्यांचा खेळ प्रवासात, रांगेत कुठेही चालतो. २१ काड्या; आपल्या पाळीला १, २ किंवा ३ उचलायच्या; शेवटची ज्याला उचलावी लागेल तो हरला. दुसऱ्यांदा उचलणाऱ्याने दर वेळी दोघांच्या मिळून चार काड्या होतील असं पाहिलं तर तो हरूच शकत नाही. ही युक्ती सांगून टाकणं म्हणजे रहस्यकथेचा शेवट सांगणं. मुद्दाम हरूही नये. मुलं ते ताबडतोब ओळखतात आणि त्यांना तो अपमान वाटतो. तुम्ही युक्तीने जिंकत राहा, पाळी कोणाची पहिली हे त्यांना ठरवू द्या. मूल आधी शेवटच्या ५ काड्यांवर येऊन अडखळतं, मग ९ वर, मग मागे मागे जात १३, १७. काही मुलांना आठवडा लागतो, काहींना वर्ष.

बाहेरच्या खेळांत झोपाळा थोडक्यात सांगतो. सव्वादोन मीटर दोरीच्या झोपाळ्याला एक पुरी ये-जा करायला साधारण ३ सेकंद लागतात, वर जड मूल बसो की हलकं. शेजारी शेजारी सारख्या लांबीचे दोन झोपाळे असले तर मुलं हे आपोआप पाहतात आणि 'आपण जुळे झालो' म्हणून ओरडतात. ओरडू द्यावं.

खजिन्याच्या नकाशाला मात्र वेळ द्यावा. एका गटाने काहीतरी लपवायचं आणि 'दारापासून २० पावलं, मग उजवीकडे १२' असा नकाशा करायचा. दहा वर्षांच्या मुलीने मोजलेली वीस पावलं पाच वर्षांचा टाकतो तेव्हा तो अर्ध्याच वाटेवर खणायला लागतो. भांडण होतं. कोणाची पावलं खरी, यावर माणसाने फार पूर्वीपासून भांडण केलेलं आहे, आणि इथे ते पुन्हा मुळापासून होतं. एखादा गट सगळ्यांची पावलं एकाच मुलाने टाकायची असं ठरवतो, एखादा काठी कापून आणतो. मोजपट्टी जवळच्या खिळ्याला टांगलेली असावी, आपण तिच्याकडे बोट दाखवू नये. घराच्या खिळ्याला टांगलेली गोष्ट मुलांना दिसते. हातात दिलेली वस्तू धडा होते.

लिहिण्याचंही असंच. किल्ला उभा राहिला की पाटी लागते: 'आत येउ नये. सावदान.' ऊ ऱ्हस्व, ध चा द. पाटीवर लाल खूण केली तर पुढच्या किल्ल्याला पाटी नसेल. खेळात लिहिणाऱ्याला वाचणारा हवा असतो, तपासणारा नव्हे, तेव्हा बाहेर थांबून मोठ्याने वाचावं आणि घाबरावं. दोन घरांच्या मध्ये टपालपेटी म्हणून खोका ठेवला आणि दिवसातून दोनदाच टपाल निघेल असा नियम मुलांनीच केला, तर चिठ्ठ्यांचा पाऊस पडतो. वाट पाहावी लागते म्हणून तर लिहायला सुचतं. शुद्धलेखनाची काळजी वाटत असेल तर उत्तराच्या चिठ्ठीत तोच शब्द नीट लिहून पाठवा, अधोरेखित न करता. पुढच्या चिठ्ठीत कधी कधी तो सुधारलेला येतो, कधी नाही.

बक्षिसांपासून सुट्टी लांब ठेवावी, हे मी जरा आग्रहाने म्हणतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीच्या वयाच्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधी सांगून ते दिलं, काहींना न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते गुपचूप पाहिलं. आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम नव्हता. म्हणजे बिघडवतं ते बक्षीस नव्हे, सौदा. सुट्टीत २० पुस्तकं वाचली तर अमुक, हा सौदाच. मूल सर्वांत पातळ वीस पुस्तकं शोधून काढतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

कॅमेऱ्याचं नाव बक्षिसांच्या जोडीनेच घ्यायला हवं. फोन वर झाला की खेळणारी मुलं नट होतात. गृहशिक्षणाची नोंद ठेवणं काही घरांना भागच असतं, तर ती रात्री ठेवावी: तारीख, काय उभं राहिलं, कुठे अडलं, तीन ओळी. फोटो हवा तर मुलं गेल्यावर रिकाम्या किल्ल्याचा. वर्षाने तीच वही उघडली की 'नळी, उतार, १४ सेकंद' एवढ्यावरून अख्खा आठवडा समजतो. नोंदीसाठी खेळ घडवून आणला की वही भरते आणि सुट्टी रिकामी जाते.

वेळेचा हिशोब सोपा आहे, पाळायला कठीण. सलग दोन तास तरी मध्ये कोणी हाक मारू नये. पहिला अर्धा तास 'तू कोण, मी कोण, हे समुद्र आणि ते जंगल' यातच जातो, आणि मोठ्यांना वाटतं अजून खेळ सुरूच झाला नाही. वाटाघाटी हाच खेळ असतो. जेवायची वेळ झाली तर ताटं किल्ल्यापाशी न्यावीत. संपवायचं असेल तेव्हा दहा मिनिटं आधी सांगावं, आणि शक्य असेल तर मांडलेलं रात्रभर तसंच राहू द्यावं. जमिनीवर चिकटपट्टीने एक चौकोन आखून 'याच्या आतलं झाडताना उचललं जाणार नाही' अशी हमी दिली की आवराआवरीची निम्मी भांडणं मिटतात. उद्याची गोष्ट सुरू करायला कालचं अर्धवट हवं असतं.

'कंटाळा आला' हे वाक्य येणारच. त्यावर उपाय सुचवत सुटलं की मूल प्रत्येक उपाय नाकारण्याचा खेळ खेळतं, आणि तो ते जिंकतं. "हो का," म्हणावं आणि हातातलं काम चालू ठेवावं. शाळेतून नुकत्या सुटलेल्या मुलांचा कंटाळा वेगळा, तोही ओळखावा. तासिकेनुसार चालायची सवय असलेली मुलं पहिले चार-पाच दिवस 'आता काय करायचं?' विचारत मागे मागे फिरतात, चित्र दाखवून 'बरोबर आहे का?' म्हणतात. त्यांना धीराने घ्यावं. उलट आपलं मूल प्रत्येक नियमावर वाद घालतं आणि पाहुण्यांना ते उद्धट वाटतं. तेही सैलावतं.

'कितवीत आहेस?' हा प्रश्न मुलांमध्ये उत्सुकतेने येतो आणि दोन दिवसांत विरून जातो. मोठ्यांच्या तोंडून येतो तेव्हा पाठोपाठ सतराचा पाढा येतो. अशा वेळी मुलाला आधीच शिकवून ठेवलेलं एक वाक्य उपयोगी पडतं: "मी घरी शिकतो, सध्या गोट्यांची घसरण बनवतोय, बघायला या." बहुतेक मंडळी येत नाहीत. जी येतात ती गुडघ्यांवर बसतात आणि तासभर उठत नाहीत, आणि मग त्यांच्या भेसळीपासून खेळ वाचवायचं नवं काम मागे लागतं.

गटात पाच वर्षांपासून बारापर्यंतची मुलं असली तर धाकट्याला 'कच्चं लिंबू' करून घेतात. पडला तरी बाद नाही, राज्य आलं तरी त्याच्यावर नाही. ही फार हुशार व्यवस्था आहे. धाकटा आत राहून नियम पाहतो आणि मोठ्यांचा डावही बिघडत नाही. लिंबू कधी पिकलं हे मुलंच ठरवतात, बहुधा धाकट्याने स्वतः भांडून. यात मोठ्यांनी हात घालू नये. हात घालायचा तो तीनच वेळा: इजा होणार असेल, कोणी कोपऱ्यात सापडून रडत असेल, किंवा रोज तेच एक मूल वगळलं जात असेल. शेवटचं पटकन दिसत नाही, मोजावं लागतं.

शाळा उघडतात त्या सोमवारी बेल वाजत नाही. घर मोठं वाटतं. या दिवशी लगेच वह्या काढू नयेत आणि नळ्याही उतरवू नयेत. मूल एकटंच तिथे दोन दिवस बसतं, चार मुलांनी मिळून बांधलेलं एकट्याने दुरुस्त करतं. ज्या वळणावर एकमत झालं नव्हतं ते आता हवं तसं करून बघतं. चौथ्या-पाचव्या दिवशी चिकटपट्टी आपोआप सुटायला लागते. एक पन्हळ रात्रीतून खाली येते, मग दुसरी. कपाट सरकवलं की मागे सात गोट्या आणि एक फासा सापडतो.